रोजच्या दोन चादरी

मोरीत धुण्याचं मशीन नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार गंजके ठसे होते आणि त्यांच्या मधोमध एक सपाट, गुळगुळीत दगड.

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. इस्पितळाच्या धुलाईखात्यात आठ तास काढून ती नुकतीच घरात शिरली होती. तिथे तिला सगळे ‘चादरवाल्या बाई’ म्हणत. रक्ताच्या वेगळ्या, उलटीच्या वेगळ्या, दिवसाला चारशे चादरी तिच्या हाताखालून जात. आणि घरी आणखी दोन. सासऱ्यांच्या. पाच महिने ते अंथरुणाला खिळले होते.

“अहो! मशीन कुठंय?”

नवरा गॅलरीत कुंडीतल्या मातीत बोटं रुतवून बसला होता. नोकरी सोडल्यापासून त्याचा हाच नेम. सकाळी अनवाणी उभं राहून उगवता सूर्य बघायचा, संध्याकाळी मातीला हात लावायचा, आणि ऋतू बदलला की घरातली एक वस्तू कमी करायची. थंडीत मिक्सर गेला होता. तेव्हा ती दातओठ खाऊन गप्प बसली होती.

“दिलं,” तो म्हणाला. “उन्हाळा लागला ना. सकाळी तू गेल्यावर वॉचमन आणि मी मिळून खाली नेलं. त्याच्याकडे नव्हतं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर चिडली असतीस.” तो हसला. “अगं, दगडावर धुऊन तर बघ. मी आज माझा सदरा धुतला. पाऊण तास लागला, पण पाण्याचा आवाज काय सुंदर असतो! इतकी वर्षं आपण तो ऐकलाच नाही. मन शांत होतं.”

“कोणाचं?”

त्याला प्रश्नच कळला नाही.

तिने कोपऱ्यातल्या बादलीवरचं झाकण काढलं. रात्रीची चादर आत तशीच पडलेली. भपकन वास आला.

“आणि ही? सदरा धुतलात, तेव्हा शेजारी बापाची चादर दिसली नाही?”

“ती मला नाही जमत गं. तुला सवय आहे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सवय? पाण्यात राहून राहून माझी नखं गेलीत, त्याला सवय म्हणता? तुम्ही सावकाश जगताय ना, ते माझ्या धावपळीच्या जिवावर. तुम्ही सूर्य बघत उभे असता तेव्हा आत मी बाबांची कूस बदलत असते. एकदा तरी मागे वळून बघितलंत?”

“हळू बोल. बाबा ऐकतील.”

“ऐकू देत!”

ती तडक जिना उतरली. मशीन आत्ताच्या आत्ता वर आणायचं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

वॉचमनची खोली जिन्याखालीच होती. दार सताड उघडं. मशीन चालू होतं आणि वॉचमनची बायको त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती, गोल काचेत फिरणाऱ्या कपड्यांकडे टक लावून. हाताला पडलेल्या चिरांवर तिने तेल चोपडलं होतं. हिला बघताच ती धडपडून उठली.

“ताई, या ना! काय सांगू तुम्हाला, आज दुपारी मी झोपले. दिवसाढवळ्या! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.”

तिने काचेआड वर चढणारा फेस पाहिला.

“साबण कमी घाला,” एवढंच ती म्हणाली. “फेस फार झाला की बंद पडतं.”

जिना चढताना तिचे पाय आपटत होते. राग काही उतरला नव्हता. उलट आता तो काढायला जागाच उरली नव्हती.

वर येऊन ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. उशाशी पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. सासऱ्यांचे ओठ पांढरे पडून फुटले होते.

“बाबा, पाणी नाही प्यायलात?”

“तहान नाही, पोरी.”

“एवढ्या उकाड्यात?”

म्हाताऱ्याने मान भिंतीकडे वळवली. तिने सवयीने त्यांच्या अंगाखाली हात घालून चादर चाचपली. कोरडी होती. सकाळी बदललेली चादर संध्याकाळपर्यंत कोरडी, असं पाच महिन्यांत कधी झालं नव्हतं. तिचा हात तिथेच थांबला.

मग ती उठली. गॅलरीत जाऊन तिने नवऱ्याला मनगटाला धरून उठवलं आणि मातीच्या हातांनिशी बापाच्या खाटेपाशी आणून उभं केलं.

“बघा. तुम्ही मशीन नेलंत, तेव्हापासून यांनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. चादर भिजायला नको म्हणून.”

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने सदऱ्याला हात पुसले, भांडं उचललं. ते बापाच्या ओठांशी नेलं.

“बाबा, असं काय करता? प्या ना. मी आहे ना. मी धुईन.”

म्हाताऱ्याने मान वळवून मुलाकडे पाहिलं. मग सुनेच्या नखं गेलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.