जाळाची राखण

एवाल्दोने पळी पातेल्यात बुडवली आणि जुसारा त्याच्या बाजूला सरकली.

सिरियोच्या सणाचं जेवण होतं. स्वयंपाकाच्या वर्गातल्या पोरापोरींनी अख्ख्या वस्तीला बोलावलं होतं, आणि वस्ती मिरवणुकीवरून थेट ताटल्या घेऊन दारात येऊन ठेपली होती. मनिसोबाच्या रश्श्याच्या वासाने माणसं नुसती कासावीस झाली होती. कसाव्याच्या झाडाचा वाटलेला पाला, त्यात डुकराचं मटण, खारवलेलं मांस. पाला आठवडाभर उकळावा लागतो, नाहीतर त्यातलं विष जात नाही. बेलेम शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणून तर वर्गातल्या सगळ्यांनी आळीपाळीने जाळ राखला होता.

बुधवारी दुपारी राखण जुसाराची होती. तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा चूल गार, पातेलंही गार. किती वेळ गेला, कोण जाणे. तिने गुपचूप जाळ पुन्हा पेटवला आणि तोंडाला कुलूप घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्या भरवशावर काही सोडलं होतं. ते हातचं जाईल, या भीतीने ती चार दिवस नीट जेवली नव्हती.

रांगेत सगळ्यात पुढे तिची भाची उभी होती, ताइना.

"मावशी, मला मोठा तुकडा हं."

एवाल्दोने पळी उचलली. जुसाराने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, सांडेल ना! भूतबित दिसलं काय तुला?"

"वाढू नकोस." ती म्हणाली. "बुधवारी जाळ विझला होता. मी झोपले होते."

एवाल्दोने पळी परत पातेल्यात सोडली. वर्ग चालवणाऱ्या ओस्मारिनाबाई पुढे आल्या आणि पळीतला रस्सा उजेडात धरून बघत राहिल्या.

"पाला शिजून काळा तर झालाय, बाई," एवाल्दो पुटपुटला. "बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेकच्या भरवशावर मी कुणाच्या लेकराला जेवायला वाढत नाही." बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि जाळ मोठा केला. "अजून एक दिवस उकळू दे. जुसारा, बाहेर सांगून ये."

"मी? बाई, तुम्ही सांगा ना. फाडून खातील मला."

"खातील कदाचित. पण राखण तुझी होती."

ती दाराकडे निघाली. एवढी माणसं उपाशी, वर्षाचा सण, आणि तिच्या एका डुलकीने सगळ्यावर पाणी पडलेलं. उंबऱ्याशी ती थांबली. मागे पावलं वाजली. एवाल्दो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, मग एकेक करत वर्गातले बाकीचेही, ॲप्रन बांधलेले.

"बोल ना गं," तो कुजबुजला. "मी बोललो तर आणखी घोळ घालीन."

ती बोलली. झोपले, हेही सांगितलं. लपवलं, हेही.

ताइनाने भोकाड पसरलं. मागून कुणीतरी करवादलं, "मग सणाला नुसता भात गिळायचा का?"

गर्दीतून असाईच्या फळांचा रस विकणारा बेनेदितोकाका वाट काढत पुढे आला. या टवाळ पोरांना साधी कॉफी तरी जमेल का, असं वर्ग सुरू झाल्यापासून गल्लीभर सांगत फिरणारा हाच. आज त्याला आयतंच कोलीत मिळालं होतं. जुसाराने डोळे मिटून घेतले.

"पोरी," तो म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?"