पहिला रकाना

कैद्याला पडद्यावर भेटलं काय किंवा समोरासमोर भेटलं काय, सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करतो की नाही यात काही फरक पडत नाही, असं यंत्राने सांगितलं होतं. जगभरातले अभ्यास वाचायला त्याला सात मिनिटं लागली. उद्यापासून तुरुंगातल्या भेटी पडद्यावरच होणार होत्या.

यंत्राला घातलेला प्रश्न तुरुंग खात्यातल्या नीलांबरीने बांधला होता. त्यावर हरकत घ्यायला हौसाबाई घोलप आल्या होत्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षं आत होता.

"प्रश्न वाचून दाखवा की, बाई."

नीलांबरीने वाचला. पहिला रकाना, कोणाबद्दल: कैदी. दुसरा, काय मोजायचं: पुन्हा केलेला गुन्हा.

"यात मी कुठंय? बाटली आत नेऊ देत नाहीत, म्हणून तळहाताला तेल चोपडून जाते. त्याच्या डोक्याला लावते. तेवढ्यावर माझा महिना निघतो."

असे प्रश्न बांधण्याच्या अकरा वर्षांत पहिल्या रकान्यात 'कैदी' लिहिताना नीलांबरीचा हात कधी अडखळला नव्हता. तिने पुढे लिहिलं, 'आणि त्यांच्या आया'. शोधाच्या शब्दांत स्पर्श, झोप, भूक घातले आणि बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं: एकही अभ्यास सापडला नाही.

"म्हणजे हरले का मी?"

"नाही हो मावशी. नियमच आहे, अभ्यास नसेल तिथे यंत्राच्या सांगण्यावरून काही बदलता येत नाही. भेट आहे तशीच राहील."

हौसाबाईंनी डोळे टिपले. "एवढ्या मोठ्या जगात आम्हाला कुणीच विचारलं नाही होय?"

नीलांबरीने कोरं पान ओढलं आणि वर त्यांचं नाव लिहिलं.

"मी विचारते. रात्री झोप लागते का?"