मर्विनच्या वेळचा पंप

ओहायोत बर्फ वितळलं की आर्लीनच्या तळघरातल्या खड्ड्यात पाणी साचायचं, पंप घरघरायचा आणि ती कौतुकानं म्हणायची, “किती इमानी आहे!” पंप तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या, मर्विनच्या वेळचा, त्यामुळे दुसऱ्या नवऱ्याच्या, डुएनच्या पोटात दुखायचं. शेवटी त्यानं महागातला पंप आणून जुना उपटला. जुन्या पाइपला बारीक भोक दिसताच गडी खुलला. “बघ तुझ्या मर्विनचं काम! गळका पाइप!” ती गालात हसली. त्यानं ऐटीत नवाकोरा पाइप जोडून प्लग लावला. पंप नुसताच गुणगुणला. पाणी वर चढेना, उलट काठ ओलांडून त्याच्या मोज्यांत शिरलं. आर्लीननं ड्रिल आणि उजेडाला बॅटरी आणली. “पाइपला भोक लागतंच. नाहीतर पंपात हवा अडकते, पाणी चढत नाही.” “हेही मर्विननंच शिकवलं वाटतं?” डुएन फणकारला. “जुना पंप मीच बसवला होता. मर्विननं बॅटरी धरली होती. आता तू धर.”