चौकातले जांभूळ

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी साडेपाच वाजता गल्लीतील एकेचाळीस रहिवासी समाजमंदिरात जमले. चौकातील भिंतीवर फरशीच्या तुकड्यांचे कोणते चित्र जडवावे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे होते.

"आपलं जांभूळच हवं! ज्याची जीभ त्यानं कधी जांभळी झाली नाही, त्यानं घरी जावं," साठेकाका म्हणाले. सभा खळखळून हसली.

कुमुदिनीबाई हसल्या नाहीत. गेल्या वैशाखात चौकातले ते जांभळाचे झाड वादळात उन्मळून पडले आणि त्याखाली रिक्षात बसलेले त्यांचे यजमान जागीच गेले. गल्ली मात्र अजून झाडासाठीच हळहळत होती.

त्या उठल्या. "दुसरं काहीही काढा. मला रोज त्या भिंतीसमोरूनच जावं लागतं."



"वहिनी, त्यात झाडाचा काय दोष?" काका खालच्या आवाजात म्हणाले. "बरं, जांभूळ हवं त्यांनी हात वर करा."

बाईंनी शेजारी बसलेल्या आपल्या थोरल्या मुलाकडे आशेने पाहिले. वडिलांच्या खांद्यावर उभे राहून त्याने आयुष्यातली पहिली जांभळे त्याच झाडाची तोडली होती. आईची नजर चुकवून त्याने डोळे पुसले आणि हात वर केला.

जांभळाच्या बाजूने चाळीस, विरोधात एक.