चिठ्ठी बदलून द्या

नर्मदाबाईंनी डब्यातून चिठ्ठी काढली, त्यांच्या वाट्याला जुना वॉर्ड आला, आणि त्यांचे यजमान व्यंकटराव ताडकन खुर्चीतून उठले.

"बदला ही," ते म्हणाले.

"बदलता येत नाही, काका," डॉक्टर सुकेशनी म्हणाल्या.

व्यंकटराव बोरीचे. घरची बागायत, शब्दाला वजन आणि आवाजाला त्याहून जास्त. मागे त्यांचा थोरला भाऊ शहरातल्या एका दवाखान्यात साध्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी गेला. ऑपरेशन झकास झालं, पण टाक्यांत पू झाला आणि माणूस हातचा गेला. हे दुखणं भावानं घरून नेलं नव्हतं, ते दवाखान्यातच मिळालं, ही गोष्ट व्यंकटरावांच्या डोक्यातून जाईना.

म्हणून तालुक्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यातल्या या डॉक्टर नेमक्या त्याच दुखण्यावर संशोधन करायचं म्हणत दारोदार नकार घेत फिरत होत्या, तेव्हा व्यंकटरावांनी भावाच्या नावानं सगळा खर्च उचलला. गावानं वेड्यात काढलं. मंदिराला सभामंडप दिला तर पाटी लागते. रिसर्चला पाटी कुठं लावणार?

काम तसं सरळ होतं. ऑपरेशन झालेल्यांचे दोन वॉर्ड. जुन्यात सगळं आजवर चालत आलं तसं. नव्यात प्रत्येक खाटेपाशी हात साफ करायचं औषध, पट्टी बदलायची वेगळी रीत, भेटायला एकच माणूस. कुणी कुठं जायचं, ते चिठ्ठी ठरवणार. नव्या रीतीचा खरंच उपयोग होतो का, हे असं केल्याशिवाय कळत नाही, हे व्यंकटरावांनीच पारावर बसून लोकांना पटवलं होतं. अर्थात तेव्हा नर्मदाबाई मोरीत घसरल्या नव्हत्या आणि त्यांचा खुबाही शाबूत होता.

"भिशीत बी अडल्यानडल्याला नंबर बदलून देतेत," व्यंकटराव म्हणाले. "वालूरचा चंद्रभान तयार हाय. त्याच्या मायला नवा वॉर्ड लागलाय. मी आदीच इचारून ठिवलंय त्याला."

"ही भिशी नाही, काका. आज तुमची चिठ्ठी बदलली, तर उद्या ओळखीपाळखीचे सगळे नव्या वॉर्डात, आणि ज्यांना कुणी नाही ते जुन्यात. मग निकाल खोटा निघेल. तुमच्या भावाच्या नावानं खोटा निकाल."

"भाऊ गेला माझा. बायको अजून हाय."

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "काकूंना यातून काढून घेता येईल. कुणावर जबरदस्ती नाही. नांदेडला नेणार असाल तर आत्ता फोन करते."

"आन् मीच नेलं म्हणल्यावर बाकीचे बी नेतील. तुमचं काम तिथंच आडवं."

"हो."

"माझी मदत बंद केली तर?"

"तरी आडवंच."

व्यंकटरावांना खरा राग आला तो या थंडपणाचा. हातापाया पडली असती, रडली असती, तर ते कदाचित विरघळलेही असते.

"तुमची माय असती ना त्या खाटंवर, मंग कळलं असतं तुमाला!"

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. "कळलं असतं," त्या म्हणाल्या.

"आवो, बास की आता," नर्मदाबाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या. "चिठ्ठी म्या काढली. भावजींच्या नावाचं काम हाय. म्या हितंच ऱ्हाते." बायकोपुढे व्यंकटरावांचं आजवर कधी चाललं नव्हतं, ते आजही चाललं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. जुन्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर येलदरीच्या सगुणाबाई होत्या. त्यांचंही खुब्याचंच ऑपरेशन, काही दिवस आधी झालेलं. बाई बोलकी, हसरी. नर्मदाबाईंची आणि तिची लगेच गट्टी जमली. तिच्यापाशी मात्र कुणी बसलेलं दिसेना.

"मूलबाळ न्हाई का काही?" व्यंकटरावांनी विचारलं.

"लेक हाय की. नोकरीवाली. लय कामं असतेत तिला."

"मायपेक्षा मोठी नोकरी?"

सगुणाबाई हसली. "ती म्हणत होती नांदेडला चल म्हणून. मीच ऐकलं न्हाई."

मग एका दुपारी सगुणाबाईचं हसणं थांबलं. अंग तापलं, जखमेभोवती लाली चढली. नर्स धावल्या, सलाईन लागलं. व्यंकटराव दोन खाटांच्या मधे उभे राहिले आणि त्यांना भावाची शेवटची खाट दिसू लागली. ते घाबरले होते. बायकोसाठी तर होतेच, पण या एकट्या बाईसाठीही त्यांचा जीव तुटत होता.

संध्याकाळी डॉक्टर सुकेशनी आल्या. आधी नर्मदाबाईंची जखम पाहिली. कोरडी, स्वच्छ होती. मग हात धुऊन त्या सगुणाबाईच्या खाटेशी आल्या.

"डॉक्टर, माझ्या बायकोचं मी आता काही म्हणत न्हाई," व्यंकटराव म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पर हिला दुपारपासून ताप यायलाय. हिच्यासाठी भांडायला बी कुणी न्हाई. हिला तरी नव्या वॉर्डात घ्या. पाया पडतो तुमच्या."

"भारीतलं औषध सुरू केलंय. लागेल ते सगळं करू," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या. "वॉर्ड नाही बदलता येणार."

"दगड हायेत तुमी, बाई!"

डॉक्टर सलाईनची नळी नीट करायला वाकल्या. सगुणाबाईनं डोळे उघडले. तापलेल्या हातानं डॉक्टरांचं मनगट धरलं.

"सुके," ती म्हणाली, "सकाळधरनं जेवलीस का न्हाईस गं?"