अर्धी वाटी

लघवी तुंबून मरणाच्या दारात जाऊन आल्यापासून आमच्या बोकोबांचं कोरडं खाणं डॉक्टरांनी बंद केलं. डब्यातलं ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून मी बोटाने चाटवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातून घेतील तर शपथ! त्यापायी परगावची नोकरी रखडली. आज मात्र बॅग भरली, अर्धी वाटी कालवून बाबांच्या हाती दिली आणि मुद्दाम जिन्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने हाक आली. “बघ, तोंडसुद्धा लावलं नाही. तू गेल्यावर उपाशी मरेल गं हा.” आत आले. माझी अर्धी वाटी आता काठोकाठ भरली होती. बोकोबा बाबांच्या मांडीवर निवांत मिशा चाटत होते. बाबांनी हात पाठीमागे नेला. ओलं फडकं घेऊन मी आधी बोक्याच्या मिशा पुसल्या, मग बाबांची बोटं. “नाहीच खाल्लं,” मी म्हटलं आणि बॅगेची चेन उघडली.