खुळखुळणारं बेअरिंग

साहेबराव मिस्त्रींनी बेअरिंग कानाशी धरून हलवलं आणि तोंड वाकडं करून स्टोअरच्या खिडकीतून परत आत सरकवलं.

"खुळखुळतंय. दुसरं द्या."

"दुसरं तुम्ही दोनदा नेलंत, मिस्त्री," आतून स्टोअर सांभाळणारी प्रभावती म्हणाली. "दोनदा जाम झालं."

एका आठवड्यात दोनदा. ही गोष्ट अख्ख्या कारखान्याला ठाऊक होती, पण साहेबरावांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. भोसरीतल्या त्या कारखान्यात फिटिंगच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते त्यांना स्वतःलाही चांगलंच माहीत होतं.

बिघाड होता रंग भाजायच्या भट्टीच्या पंख्यात. नवा रंग आला, भट्टी जास्त तापवायला लागले आणि तेव्हापासून हे दुखणं मागं लागलं. भट्टी पुरती तापली की तासाभरात बेअरिंग जाम. आताही स्कूटरचे दोनशे मडगार्ड ओल्या रंगानिशी टांगलेले होते. सकाळी मालक, दौलतराव, सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आज चालला तर ठीक. नाहीतर उद्या पुण्याहून फिटर बोलावतो." इथल्या बारा वर्षांत साहेबरावांना असं कुणी बोललं नव्हतं. परक्या माणसानं आपला पंखा सुरू केलेला बघण्यापेक्षा गावी निघोजला जाऊन म्हशी राखलेल्या बऱ्या, असं त्यांना झालं होतं.

"बाई, चाळीस वर्षांचा कान हाय माझा," ते म्हणाले. "खुळखुळणारं बेअरिंग मी कधी बसवलं न्हाई, बसवणार न्हाई."

प्रभावती वाद घालत बसली नाही. जुना भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा स्टोअरचा नियम. जमा झालेला माल भंगारात जायचा. पण तिनं मागच्या फडताळातून दोन मेलेली बेअरिंगं काढली. दोन्हींना सुतळीनं कागद बांधलेला होता आणि त्यावर तिच्या बारीक अक्षरात मशीनचं नाव आणि तारीख होती. फेब्रुवारी अठ्ठ्याहत्तरची, आठवड्याच्या आतली.

"ही बघा. आतलं कडं निळं पडलंय. बाहेरचं मात्र चकचकीत. दोन्हींची तीच गत."

साहेबरावांनी ती शिव्या हासडत काढली होती आणि फेकून दिली होती. वळून बघितलंच नव्हतं. आता ती उजेडात धरली. निळं म्हणजे तापलेलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पंख्याचा दांडा भट्टीतून येतो, तो आतल्या कड्याला तापवतो. बाहेरचं कडं बसलेलं असतं भट्टीबाहेरच्या गार लोखंडी घरात. आतलं फुगणार, बाहेरचं जागचं हलणार नाही. मग मधल्या गोळ्यांनी फिरायचं कुठं?

त्यांचा बाप बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचा. गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली लोखंडी धाव कशी फुगते आणि पाणी मारलं की चाकाला कशी आवळते, हे त्यांनी दुधाचे दात पडायच्या वयात पाहिलं होतं. आणि चाळीस वर्षांचा कान घेऊन ते थंड बेअरिंग हलवून बघत होते!

"म्हंजे ह्या खुळखुळणाऱ्यात..."

"ह्यात मुळातच जागा जास्त ठेवलीय. खोक्यावर नंबरापुढं सी-३ लिहिलंय, त्याचा अर्थ तोच. कंपनीच्या पुस्तकात दिलंय. थंड असताना खुळखुळतं, तापलं की बरोबर बसतं. दिवाळीत तुम्ही हाच माल सडका म्हणून परत पाठवा म्हणालात. मी पाठवला नाही. ठेवून दिला."

साहेबरावांनी ते खुळखुळणारं बेअरिंग परत उचललं आणि बोटांवर फिरवलं.

"आणि हेबी जाम झालं तर?"

"तर माझं नाव सांगा."

"न्हाई," साहेबराव म्हणाले. "हात माझा, तर नावबी माझंच."

दुपारी ते बेअरिंग बसवलेला पंखा सुरू झाला तो कुरकुरतच. भोवती जमलेल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. साहेबराव जागचे हलले नाहीत. भट्टी तापत गेली. कुरकुर कमी झाली, मग थांबली. तास झाला, दीड तास झाला. साहेबरावांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकला.

मग ते उठले आणि सरळ स्टोअरच्या खिडकीशी गेले.

"बाई, बाहेर या."

"स्टोअर सोडून?"

"कुलूप लावा."

सहा वर्षं ती खिडकीतून बेअरिंगं देत होती. जायची ती ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली आणि यायची ती मेलेली. मधलं त्यांचं जगणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. साहेबरावांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ शर्टाला पुसली. दोनदा पुसली. टोक जागेवर टेकवून त्यांनी मूठ तिच्या हातात दिली. तिनं ती कानाला लावली आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

तेवढ्यात दौलतराव झपाझप आले. "काय झालं, साहेबराव? चालला का पंखा? का बोलावू पुण्याचा माणूस?"

साहेबरावांनी त्यांच्याकडं न बघताच हात आडवा केला.

"जरा दमानं, मालक. बाई ऐकतायत."